बसथांब्यावर खासगी गाडी

ड्रायव्हरसाहेबांचे आयुष्यात दोनच हट्ट. बसथांब्यावर स्वतःची गाडी उभी करणाऱ्याला माफी नाही, हा पहिला. आणि डबल बेल मिळाल्याशिवाय चाक हलणार नाही, हा दुसरा. नोकरीभर त्यांनी बस चालवली आणि त्याच बसवर त्यांची बायको कंडक्टर होती, त्यामुळे दुसरा हट्ट आपोआप पुरवला गेला. दोघं एकदमच निवृत्त झाली, एक जुनी छोटी गाडी घेतली, पण सवय काही सुटली नाही. कंडक्टरबाई मागच्याच सीटवर बसत. पुढे बसलं की पाठीमागे कुणीतरी फुकट प्रवास करतंय असं त्यांना वाटायचं. बसल्या की अंगठीने काचेवर दोनदा टकटक करत, मग साहेब गिअर टाकत. पेट्रोल पंपावरची माणसं हा प्रकार बघतच राहत.

या गाडीतून दोघं समुद्र बघून आली, घाट चढून-उतरून आली. परतीच्या वाटेवर एका मोठ्या शहरात दोन दिवस राहायचं, ही बाईंची अट होती.

"गाडी हॉटेलच्या तळघरात राहील आणि चावी माझ्याकडे," त्यांनी बजावलं. "लग्न झाल्यापासून तुम्ही मला आरशातच बघताय. दोन दिवस जरा समोरून बघा."

"त्यात काय एवढं!"

"बघूच. नाही जमलं तर घरी पोचल्यावर मी ताईकडे राहायला जाते. तिला तशीही सोबत हवीच आहे. मग बसा एकटेच आरशात बघत."

साहेब हसले खरे, पण बाई बोलल्या की करून दाखवत. भर पावसात, भर गर्दीत त्यांनी भल्याभल्यांना बसमधून खाली उतरवलं होतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी मनापासून प्रयत्न केला. पण शहराने घात केला. तिथल्या बसगाड्या लांबलचक, मधोमध वळणाऱ्या. जेवायला बसले तर साहेबांना नेमकी खिडकीसमोरची खुर्ची मिळाली. "हा बघ, हा क्लच किती दाबतोय! गाडीची वाट लावणार," असं म्हणत त्यांनी सगळं जेवण बायकोच्या खांद्यावरून बघत उरकलं. बागेत गेले तर बागेसमोर डेपो. बाई तळ्याकाठी एकट्याच फिरून आल्या, तेव्हा साहेब डेपोच्या कुंपणाला नाक लावून उभे होते.

दुसऱ्या सकाळी बाई हॉटेलखालच्या सलूनमध्ये गेल्या आणि गुडघ्यापर्यंतची वेणी मानेपर्यंत कापून आल्या. नाश्त्याला समोर बसल्या. साहेबांनी मान वर केली, म्हणाले, "चहा गार होतोय तुझा," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

आता पाणी डोक्यावरून गेलं होतं. बाईंनी चावी टेबलावर ठेवली. "काढा गाडी. घरीच जाऊ."

आपलं काहीतरी चुकलंय एवढं साहेबांना कळलं, काय ते कळलं नाही. गाडी हॉटेलच्या दारात आणून ते मुकाट्याने स्टिअरिंगमागे बसले. बायकोच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होईना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आतला आरसा छताकडे फिरवला. बाईंनी पर्स मागच्या सीटवर टाकली आणि खोलीत राहिलेला कंगवा आणायला त्या पुन्हा आत गेल्या. दरवानाने बॅगा डिकीत ठेवल्या, झाकण लावलं आणि वर हाताने दोनदा थापटलं.

डबल बेल. साहेब निघाले.

पहिल्या सिग्नलला त्यांनी घसा खाकरला. "रागावलीस?" उत्तर नाही. पुढच्या चौकात ते म्हणाले, "नको ना जाऊस ताईकडे." मागे शांतता. मग साहेबांचा बांध फुटला. पुलावरून जाताना ते समोरच्या रस्त्यालाच सांगत सुटले, "मला बघता येत नाही गं. समोर बसलीस की मी लाजतो. आरशात कसं, तू तिकिटं फाडायचीस, तुझं लक्ष नसायचं, मी पोटभर बघायचो. तू नसलीस तर मी गाडी सुरूच करणार नाही, सांगून ठेवतो."

एवढं बोलून त्यांनी धीर केला आणि आरसा सरळ केला. मागे पर्स बसली होती.

फोन लावला तर पर्सच वाजू लागली. परत फिरावं तर सगळे रस्ते एकेरी, आणि साहेब नियम मोडणारे नव्हेत. शहराला मोठा वळसा घालून ते हॉटेलच्या दारात पोचले.

"माझी बायको कुठंय?" त्यांनी दरवानाला विचारलं.

"कशा दिसतात त्या?"

"लांब वेणी. डाव्या गालावर तीळ."

"तशा कुणी नाहीत बुवा. एक बाई होत्या, पण केस आखूड आणि तीळ उजव्या गालावर. गाडीच्या मागे ओरडत धावल्या आणि मग त्या पलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या."

"ती नव्हे," साहेब ठामपणे म्हणाले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "पुढे सरका, पुढे सरका! आजोबांना आधी चढू द्या!"

हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. साहेबांनी गाडी वळवली आणि थेट थांब्यावर नेऊन उभी केली. खाली उतरले. अनोळखी माणसांची सरळ रांग लावून कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. साहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बघू लागले. कापलेले केस बघितले. मोकळी झालेली मान बघितली. मग गाल.

"तीळ इकडे?"

"जन्मापासून. आरशात उलटं दिसतं, ड्रायव्हरसाहेब."

"आणि केस..."

"सकाळपासून."

मागे बस येऊन थांबली. तिला जागाच नव्हती. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. रांगेतली माणसं कुरकुरू लागली.

"अहो, बसथांब्यावर गाडी लावलीत तुम्ही! मागे बस आहे!" बाई ओरडल्या.

"असू दे," साहेब म्हणाले. नजर हलली नाही. कान लाल झाले होते, तरी हलली नाही. "थांबेल ती. तुला छान दिसतात केस."

बस कोकलत राहिली. बाईंचे डोळे भरून आले, मग हसू आलं, आणि शेवटी त्या रांगेतल्या आजोबांची दया आली. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि साहेबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. साहेबही धावत येऊन बसले, गाडी सुरू केली आणि मानेला रग लागेपर्यंत त्यांच्याकडे वळून बघत राहिले.

"आता पुढे बघा," बाई म्हणाल्या, आणि अंगठीने काचेवर टकटक केलं.