शोदीची रोटी

घरं पाडायचं यंत्र आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा सओदत मावशी तंदूरपाशी रोट्या थापत होती. शहरातले लोक आम्हाला ल्युली म्हणतात, म्हणजे भटके, भिकारी, चोर, त्या दिवशी तोंडाला येईल ते. कापूस वेचायला हात हवे होते तेव्हा सरकारनेच आमच्या आजोबांना इथे आणून बसवलं. आता इथे बाजार बांधायचाय, तर म्हणे ही जमीन तुमची होतीच कधी!

माझं घर पहिल्याच धक्क्यात गेलं. मातीचंच ते. मी शिव्या घातल्या, रडलेही. गल्ली आडवी करत यंत्र मावशीच्या भिंतीशी आलं आणि थांबलं. चालक एर्गाश उघड्या दारातून आत बघत होता.

"मावशी, भिंतीवर ती रोटी कुणाची?"

"माझ्या लेकाची, शोदीची. रशियात विटा वाहायला गेलाय. जाताना एक घास चावून गेला, आला की उरलेली खाईल. तू गेला होतास कधी रशियात?"

"गेलो होतो."

"मग तुझी रोटी तुझ्या आईने मध्येच उतरवली होती का रे?"

एर्गाशने यंत्र बंद केलं. पाडकाम करून घ्यायला आलेले कचेरीतले तुर्सूनोव साहेब तरातरा आले.

"थांबलास का?"

"रोटी उतरवून द्या साहेब, मग पाडतो."

"मग उतरव की!"

"मी नाही. ज्याने चावली त्यानेच उतरवायची, नाहीतर तो परत येत नाही."

साहेबांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. एकाला खोकल्याची उबळ आली, दुसरा बुटाची नाडी बांधायला बसला. शेवटी साहेब स्वतः आत गेले. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्यांचीही मुलगी परदेशात शिकते, हे आम्हाला मागाहून कळलं.

"उद्या दुसरा चालक आणतो," बाहेर येऊन ते गुरगुरले.

आम्ही टाळ्या पिटल्या. मावशी मात्र आमच्यावरच डाफरली, "नाचताय काय? एका रोटीवर माझं घर किती दिवस टिकणार? आणि तुमची गेली त्यांचं काय? पीठ मळा!"

सकाळी सगळी वस्ती साहेबांच्या कचेरीवर गेली. प्रत्येकाने आपापल्या रोटीचा एक घास चावला आणि ती कचेरीच्या भिंतीवर टांगली. खिळे आम्ही आमच्या पडलेल्या दारांचे उपटून आणले होते. हातोडा तिथल्या रखवालदारानेच दिला.

"हा काय तमाशा?" साहेब ओरडले.

"तुम्हीच जा म्हणालात ना?" मावशी म्हणाली. "निघालो."

तेव्हापासून कचेरीत येणारा जो तो आधी विचारतो, या रोट्या कुणाच्या? कारकून मान खाली घालून सांगतात. झाडूवाली त्या भिंतीकडे फिरकत नाही. दुसरा चालक अजून मिळालेला नाही, आणि आम्ही सगळे मावशीच्या अंगणात तंबू ठोकून राहतोय. थंडी हाडात शिरते, पण हलायचं नाव कोणी काढत नाही.

काल साहेब पुन्हा आले. आवाज अगदी लोण्यासारखा.

"मावशी, त्या रोट्या तेवढ्या घेऊन जा. बरं दिसत नाही."

"नेऊ की," मावशी हात झटकत म्हणाली. "पण परत आल्यावरच उतरवतात त्या. आणि परत यायचं तर घर लागतं, साहेब. बांधायला कधी घेताय?"