पिवळ्या बसच्या पोटात

ह्यूस्टनच्या लिलावात नेरीने शाळेची जुनी पिवळी बस घेतली, ती आईच्या नावावर. स्वतःच्या नावावर घेऊन करणार काय? बारा-चौदा वर्षं कागदपत्रांवाचून तिकडे काढलेला माणूस. एकदा दक्षिणेची सीमा ओलांडली की परतीचं दार कायमचं बंद. त्याच्या आईला, दोमितिलाला, मात्र खूप खेटे घालून व्हिसा मिळाला होता आणि ती लेकाकडे दोन महिने राहिली होती. तेव्हा मेक्सिको आडवा कापून बस ग्वातेमालात न्यायची ती तिनेच, असं ठरलं. चालवायला आबेलिनोला बोलावलं. हा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा दोस्त. टेक्सासमधून जुन्या गाड्या ग्वातेमालातल्या साल्काहाच्या बाजारात आणण्यात त्याची हयात गेली होती.

बाकं उपटून नेरीने बस गळ्यापर्यंत भरली. फ्रिज, धुण्याची यंत्रं, शिलाई मशीन, गाद्या, सायकली. टपावर टायर, लोखंडी खाटा आणि एक लाकडी कपाट. ज्यांच्या ज्यांच्या लग्नाला, मयताला तो आला नव्हता, त्या प्रत्येकासाठी आत काहीतरी होतं. आईसाठी ड्रायव्हरच्या मागे गादीची गुंडाळी टाकून बसायपुरती जागा केली. निघताना तो नुसता टपावरच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिला.

सीमेवरच्या पुलावर आबेलिनोचं तोंड सुरू झालं ते बंद व्हायचं नाव घेईना. टाकी निम्मी झाली की भरायची, काटा खाली जायची वाट बघायची नाही. सुटी नाणी वेगळ्या खिशात, कारण संडासवाली नोट मोडून देत नाही. अधिकारी सामान तपासायला आत चढला की त्याच्या हातांकडे बघायचं, तोंडाकडे नाही. ट्रकवाले जिथे जेवतात तिथेच जेवायचं. अंधार पडायच्या आत पेट्रोल पंपावर गाडी लावायची. आणि ठरलेला रस्ता सोडायचा नाही, एक वळणसुद्धा नाही.

"वहिनी, ऐकताय ना?"

"ऐकतेय, भाऊजी. ऐकल्यावाचून जाऊ कुठे?"

खरंच, जायला जागाच नव्हती. गुडघे फ्रिजला टेकलेले, पाठीला शिलाई मशीनचा कोपरा. टाम्पिको गेलं, वेराक्रूस गेलं, समुद्राचा वास आला आणि गेला. दोमितिला डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची, तरी टायरातली हवा आणि ब्रेकचं तेल कानावर पडतच राही. नवरा या माणसाला दोस्त म्हणायचा तो कसा, हे तिला कोडं पडलं होतं.

मेक्सिकोची कंबर जिथे बारीक होते तिथे त्यांना वाऱ्याने अडवलं. थंडीच्या दिवसांत एका समुद्रावरचा वारा डोंगराच्या खिंडीतून घुसतो आणि दुसऱ्या समुद्राकडे असा सुटतो की मालाने भरलेले ट्रकसुद्धा कुशीवर पडतात. पोलिसांनी सगळ्या उंच गाड्या एका पंपाच्या आवारात लावायला लावल्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बस उभ्या जागी हलत होती, पत्रा कण्हत होता, डोळ्यांत, दातांत, भाकरीत वाळू. आसपासच्या बायका डोक्याला फडकी आवळून तोतोपो, म्हणजे मक्याच्या भाजलेल्या कडक भाकऱ्या, विकायला यायच्या, तेवढीच काय ती करमणूक.

वाऱ्यापेक्षा मोठी काळजी मुदतीची होती. मेक्सिकोतून पार व्हायला कागदावर मोजके दिवस दिलेले असतात. ते उलटले तर बस आणि सामान, दोन्ही सरकारजमा. दोमितिला मी एखाद्या छोट्या गाडीने पुढे जाते म्हणाली, तर आबेलिनोने नकारार्थी मान हलवली. बस जिच्या नावावर ती बाई बसमध्येच हवी, नाहीतर ही चोरीची समजतील.

तिसऱ्या सकाळी वारा जरा नरमला. भरलेल्या गाड्या पोलीस एकेक करून सोडू लागले. या बसपाशी आल्यावर त्यांनी टपाकडे बोट दाखवलं. वर एवढं ओझं असेल तर सोडणार नाही, म्हणाले. दोमितिलाने कपाट आणि खाटा तिथेच टाकून द्यायचं सुचवलं. तेही जमण्यासारखं नव्हतं. सीमेवर केलेल्या यादीतली वस्तू देशाबाहेर पडताना कमी भरली तर इथे विकली म्हणून धरतात.

आबेलिनो बसभोवती एक फेरा मारून आला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, आत एकच जागा आहे. पण ती तुमची आहे."

तिला समजायला वेळ लागला. तिची गुंडाळी काढून तिथे कपाट आडवं घातलं, त्यामुळे पुढचं दार बंद झालं. ती मागच्या दाराने चढली, सामानावरून रांगत मधे गेली आणि गाद्यांच्या थरावर उताणी पडली. बसचं छप्पर नाकापासून वीतभर. मग तिच्या पायांमागे खाटा आणि टायर रचून मागचं दार लावून घेतलं. आता बाहेर पडायला वाट होती ती फक्त ड्रायव्हरच्या खिडकीची, आणि तीही कपाटापलीकडे.

"भाऊजी," ती आतून म्हणाली, "उलटली तर?"

आबेलिनो खिडकीतून शिरून आपल्या जागेवर बसला. "मीही आतच आहे," एवढंच तो म्हणाला.

बस निघाली. पहिला झोत आला तेव्हा सगळं सामान एकदम एका अंगाला सरकलं आणि फ्रिजचं दार तिच्या कमरेपाशी धडकलं. कडेला बोटभर काचेची फट होती. तीतून तिला पवनचक्क्या दिसल्या, मैलोन् मैल, आणि एकीचंही पातं फिरत नव्हतं. एवढा वारा त्यांनाही झेपत नव्हता. तिने फटीकडे बघणं सोडलं. हात वर करायला गेली तर कोपर छपराला लागलं. छाती भरून श्वास घेतला तर छप्पर आणखी खाली येतंय असं वाटे. तिला नेरीची खोली आठवली. दिवसाढवळ्या पडदा ओढलेला. दारावर कुणी थाप मारली की तोंडातला घास चावायचा थांबायचा तो. एवढा भित्रा कधी झालास रे, असं ती त्याला बोलली होती. तो नुसता हसला होता.

पुढून काहीच आवाज येत नव्हता. आठवडाभर किटकिट करणारा माणूस गप्प होता, आणि ते तिला वाऱ्याहून भयंकर वाटलं.

"भाऊजी, बोला."

"काय बोलू?"

"काहीही. ते टायरचं सांगा परत."

मग कपाटापलीकडून त्याचा आवाज आला. "टायरमध्ये, वहिनी, उन्हाच्या प्रदेशात हवा पूर्ण भरायची असते. लोक कमी भरतात. ते चूक. कमी हवेनेच टायर तापतो आणि मग..."

बस उजवीकडे कलली आणि तशीच कललेली राहिली. एका बाजूची चाकं रस्ता सोडताहेत हे दोमितिलाला पाठीतून कळलं. तिला किंचाळायचं होतं, पण तेवढा वाराही छातीत नव्हता. मग चाकं धपकन खाली आली.

"...मग तो फुटतो," आबेलिनो म्हणाला. "आता ब्रेकच्या तेलाचं ऐका."

तिने ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. तो थांबला की ती विचारायची, आणि मग? आणि तो पुढे सांगायचा.

वाऱ्याच्या पट्ट्यापलीकडे सानातेपेक गावात आंब्याच्या झाडांखाली बस थांबली. तिला बाहेर काढायला दोघा ट्रकवाल्यांनी हात लावून खाटा आणि टायर उतरवले. खाली उतरल्यावर ती मातीतच बसली. आबेलिनो लांब एका दगडावर बसला होता. तिने कॉफी विकत घेतली आणि पहिला पेला त्याला नेऊन दिला.

नेरीचा फोन आला. कपाटाला ओरखडा तर नाही ना, त्याने विचारलं. कपाट ठीक आहे, ती म्हणाली. कुठे झोपून आली ते सांगितलं नाही.

मुदतीच्या आत त्यांनी ग्वातेमालाच्या सीमेवरची नदी ओलांडली. बस साल्काहाच्या बाजारात विकली गेली. सामान ज्याचं त्याला पोचलं, सगळे नेरीला दुवा देऊन गेले. महिन्याभराने त्याने दुसरी बस बघून ठेवली. दोमितिलाने नाव लावायला साफ नकार दिला. माझ्या नावावर आता खिळासुद्धा घेऊ नकोस, यायचं तर तू ये, रिकाम्या हाताने ये, असं ती म्हणाली. तो रुसला. बरेच दिवस फोन नाही.

मग एका रविवारी फोन आला. आबेलिनो पुन्हा टेक्सासला गेला होता आणि त्याने नेरीला वाऱ्याचं सगळं सांगितलं होतं.

"आई, तू आत काय केलंस?"

"काय करणार? भाऊजींना बोलायला लावलं."

येईन असं तो म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही.

"मग तू बोल ना," तो म्हणाला. "कशावरही."

दोमितिलाने फडक्याने चुलीपुढचं स्टूल पुसलं, त्यावर बसली आणि शेजारणीच्या डुकराने कोथिंबिरीचा वाफा कसा उकरला, तिथून सुरुवात केली.