बुधवारचा बेडूक

जीवशास्त्राच्या बेडूकसरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि जीव सगळा कॉलेजमागच्या तळ्यात अडकला होता. तळं बुजवून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. अंगठ्याएवढा एक बेडूक, सर त्याला टकटक्या म्हणत, तो तिथे अजून आहे एवढं पुराव्यानिशी दाखवलं तर तळं वाचणार होतं. शुक्रवारी समितीपुढे अहवाल द्यायचा होता.

त्यासाठीच तर सरांनी हा उद्योग मांडला होता. संगणकाची सहा पोरं, जीवशास्त्राची पाच, आणि वर्षभराचा प्रकल्प. निम्म्यांना चिखलाची किळस, निम्म्यांना कोडची धास्ती. सरांनी संगणकवाल्यांना बुटांसकट चिखलात उतरवलं आणि स्वतः साठीला टेकलेले असूनही त्यांच्याकडून प्रोग्रॅम लिहायला शिकले. नोंदीचा पहिला धडा मात्र सगळ्यांना एकच: "गेलात, ऐकलंत आणि नाही सापडला, तर शून्य लिहायचं. गेलातच नाही, तर रकाना रिकामा. या दोहोंत गल्लत केलीत तर माझ्याशी गाठ आहे."

तळ्याकाठी रोज संध्याकाळी आपोआप चालू होणारे रेकॉर्डर बसवले. सरांच्या वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटी ऐकवून पोरांनी मशीनला टकटक्याचा आवाज शिकवला. आणि काय सांगायचं! सहा वर्षांत कुणाच्या कानी न पडलेला तो आवाज मशीनने नऊ वेळा हुडकून काढला. तीन-तीन सेकंदांचे नऊ तुकडे. सरांनी ते घरी इतक्यांदा ऐकले की बायको म्हणाली, "त्याला आता राहायलाच घेऊन या."

सगळे खुशीत होते, एक शंकाबाई सोडून. संगणकाच्या या मुलीला वर्गाने ठेवलेलं हे नाव, आणि खरं सांगायचं तर सरांनीच. मंगळवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन सरांच्या खोलीशी आली आणि दारातच घुटमळली.

"आत ये की. आता काय काढलंस?"

"सर, टकटक्या फक्त बुधवारीच ओरडतो. नऊच्या नऊ तारखा बुधवारच्या आहेत."

"बाकीचे दिवस रजा टाकत असेल," सर हसले. ती हसली नाही. बुधवारी संध्याकाळी वर्गाची तळ्यावर फेरी असायची, हे मग सरांच्याही डोक्यात आलं.

"मी नुसते तुकडे नाही, अख्ख्या फाईली ऐकल्या," असं म्हणून तिने हेडफोन पुढे केला.

आधी टकटक, अगदी हुबेहूब. त्यामागोमाग पोरांची खसखस, आणि मग सरांचाच आवाज: "असा ओरडतो तो. आता गप्प बसा. तो उत्तर देतो."

जीभ टाळूला लावून टकटक्याचा आवाज काढणं ही सरांची जुनी हौस. दर बुधवारी पोरांना काढून दाखवायचे. रेकॉर्डर चालू आहे हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नऊ वेळा सापडलेला बेडूक म्हणजे ते स्वतः.

तरी त्यांनी हेडफोन काढला नाही. पुढे चार मिनिटं बाकी होती. श्वास रोखून बसलेली पोरं, लांबवर एक हॉर्न, वाऱ्याने हललेलं गवत. आता तरी देईल उत्तर, म्हणून सर ऐकत राहिले. कुणी दिलं नाही. फार वाईट वाटलं त्यांना. त्या दिवशी परतताना "आज लाजला असेल" असं आपण पोरांना सांगितल्याचंही त्यांना आठवलं.

"सर," शंकाबाई खाली बघत म्हणाली, "अख्ख्या फाईली कुणी ऐकणार नाही. तुकडे तसेच देऊ?"

वर्षभर प्रश्न विचारून जीव खाणारी ही पोरगी पहिल्यांदाच काही न विचारता सोडायला तयार होती. सरांच्या अगदी ओठांवर आलं, हो म्हणावं. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग रकाने रिकामे सोडू का?" तिने विचारलं.

"आपण गेलो होतो ना?"

"गेलो होतो."

"मग शून्य लिही."

"नऊही ठिकाणी?"

"नऊही ठिकाणी."

दुसऱ्या दिवशी बुधवार. सवयीने सगळे काठावर बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, टकटक करून दाखवा ना." सरांची जीभ टाळूला लागली आणि तिथेच राहिली.

"नको," ते म्हणाले. "रेकॉर्डर चालू आहे."