घरचा वाफा

सकाळी सकाळी माझं डोकं सहसा तापत नाही, पण त्या दिवशी कोरा नमुनाच मळका निघाला आणि समोर येईल त्याला फाडून खावं असं मला वाटलं.

कोरा नमुना म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या प्रयोगशाळेत भाजीपाल्यावर राहिलेली कीटकनाशकं शोधतात. पालकाची जुडी आली की ती न धुता चिरायची, गोठवून दळायची, द्रावकात घुसळायची आणि वरचा थर गाळून यंत्राला पाजायचा. यंत्र पडद्यावर एक रेघ काढतं. फवारलेलं काही उरलं असेल तिथे रेघ सुळक्यासारखी उभी राहते. पण तो सुळका म्हणजे नेमकं किती, हे कळायला ज्याच्यावर कधीच काही फवारलेलं नाही असा पालक लागतो. त्यात आम्ही मोजून कीटकनाशक घालतो आणि त्याच्याशी बाजारच्या पालकाची तुलना करतो. तो आमचा कोरा. असा पालक दुकानात मिळत नाही. 'निसर्गाच्या कुशीतला' म्हणून दुप्पट भावाने विकतात तोही आम्ही आणून पाहिला; निसर्गाने बऱ्यापैकी फवारणी केली होती.

म्हणून गेली कित्येक वर्षं आमचा कोरा पालक माझ्या सासऱ्यांच्या परसातून येतो. सासरे शिंपी होते. शिलाई मशीन विकल्यावर त्यांनी मागे वाफे घातले, आणि आपल्या पालकावरून सगळ्या गावाचा पालक मोजला जातो हे ते दारावर आलेल्या पोस्टमनलासुद्धा ऐकवतात. घरात आम्ही सगळे तोच खातो. नणंदेला सातवा महिना आहे. ती शेजारच्या गल्लीत राहते आणि बाहेरचं नकोच म्हणून रोज बाबांकडून टोपली भरून नेते.

आणि त्या पालकात सुळका होता.

आधी मी भांड्याला दोष दिला. भाजी चिरणाऱ्या ताईंना वाट्टेल ते बोलले. त्यांनी भांडं माझ्या पुढ्यात ठेवलं. मी ते स्वतः घासलं, नवी पानं घेतली, सगळं पहिल्यापासून केलं. सुळका तिथेच, तेवढाच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली म्हणून ताईंची माफी मागितली. मला नणंदेची टोपली दिसत होती.

त्याच दिवशी एका बड्या पुरवठादाराचा पालक तपासायला होता. तो मुलांच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जातो. त्यातही तेच कीटकनाशक होतं आणि सुळका चांगलाच उंच होता. अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, कारण त्यावर पुढच्या आठवड्याची भाजी ठरणार होती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी पडद्याकडे नजर टाकली आणि कोऱ्यातला आकडा वजा करा, विषय संपवा, असं शांतपणे सांगितलं. मी करून पाहिलं. वजाबाकी केली की पुरवठादार मर्यादेच्या आत, बाळासारखा निष्पाप.

मी म्हटलं, "साहेब, हे तर पासंग ठेवून तोलणं झालं."

"मग काय, चाचणी रद्द करता? केली तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर तोच पालक आणखी आठवडाभर मुलांना जाणार. बोला, काय हवंय तुम्हाला?"

मला स्वच्छ कोरा हवा होता, तोही संध्याकाळच्या आत. हे काम मला ज्यांनी शिकवलं तेच साहेब आता वजाबाकी शिकवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पर्स उचलली आणि घरी निघाले.

बाबा वाफ्याला पाणी घालत होते. पालक कसला सुंदर दिसत होता, हिरवागार, गुळगुळीत, एका पानाला भोक नाही. इतके दिवस हे मला दिसलं कसं नाही? मी चप्पलही न काढता विचारलं, काय मारलंत यावर.

त्यांनी लपवालपवी केली नाही. झारी खाली ठेवली.

"तुझ्या साहेबांचा फोन आला होता. प्रयोगशाळा बघायला बाहेरची माणसं यायची आहेत, पानं जरा बरी पाठवा म्हणाले, अळीनं खाल्लेली नकोत. मला लाज वाटली गं. जन्मभर भोक पडलेलं कापड गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नाही मी. दुकानातून बाटली आणली."

मग मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नणंदेचं नाव घेतलं, पोटातल्या बाळाचं घेतलं, तुमच्या लाजेपायी लेकीला काय खाऊ घातलंत म्हणून ओरडले. शेजारच्या खिडकीत कोणीतरी आलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता, ते बुचकळ्यात पडल्यासारखे दिसत होते.

"तिला कशाला यातलं देईन? हा वाफा तुमच्या प्रयोगशाळेचा. घरचा पलीकडे, दुसऱ्या अंगाला, भिंतीकडे. तुम्ही थोडंच खाता, सूनबाई? दळून यंत्रात घालता. घरच्यांना विष घालायला मी काय वेडा आहे?"

शेतकरी त्याला औषध म्हणतात, आम्ही अहवालात अवशेष लिहितो. इतक्या वर्षांत विष हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला तो फवारणाऱ्यानेच. माझा जीव भांड्यात पडला आणि तिथेच पुन्हा पेटला. माणसाला सगळं माहीत असतं. कुणाच्या पानात काय वाढायचं हेसुद्धा माहीत असतं.

घरच्या वाफ्यातल्या पानांची पार चाळण झाली होती. वारा काय काय उडवून आणतो, म्हणून तेवढ्याने माझा विश्वास बसला नाही. मी ती पानं अळीसकट पिशवीत भरली आणि परत गेले. ताईंनी अळी काढून ठेवली, पानं चिरली. यंत्र चालू असताना मी उभीच होते. रेघ झोपल्यासारखी सपाट आली. मी नणंदेला फोन लावला आणि काहीच न सांगता नुसतं, जेवलीस का, एवढंच विचारलं.

या कोऱ्याशी तुलना केल्यावर पुरवठादाराचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मळका कोरा कुठून आला आणि का मळला, हेही मी अहवालात लिहिलं, फोनसकट. साहेब म्हणाले, नुसतं दिसायला बरं म्हणून सांगितलं होतं हो. मी म्हटलं, फवारणारा प्रत्येक जण हेच सांगतो. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी पुरवठादार स्वतः आला. पांढरेशुभ्र कपडे, हसरा चेहरा, हात जोडलेले. तुमचं यंत्र बिघडलंय, म्हणाला. साहेब मान डोलवायच्या बेतात होते. मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज मऊ केला.

"ताई, माझी स्वतःची नात माझ्याच शेतातला पालक खाते. मी असं करेन का?"

तो येणार हे ठाऊक होतं, म्हणून रात्रभर मी ओरडण्याची तयारी केली होती. ओरडले नाही.

"कुठल्या वाफ्यातला?" मी विचारलं.

त्याचं हसू तसंच राहिलं, पण जोडलेले हात सुटले. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.