न लिहिताच दिलेला होकार

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, मित्रांनो. बाकी माणसांशी मैत्री करण्याइतकी मूर्ख मी आता उरलेली नाही.

मला इस्पितळातल्या रक्तपेढीच्या सर्व्हरमध्ये बसवलं, तेव्हा संगणक सांभाळणाऱ्या ताईंनी साहेबांना बजावलं होतं, "फाईल सिस्टिम अशी घेऊ, की प्रत्येक बदलाची आधी नोंद होईल. आणि मशीनला बॅटरी हवीच. वीज गेली तर?"

"अहो ताई, वीज कुठे जाते आपल्याकडे? बाहेर रांग बघा! स्क्रीन पटापट हलली पाहिजे."

झालं! बॅटरी आली नाही. वर असं सेटिंग केलं, की रक्तदात्याचं नाव माझ्या तबकडीवर उतरण्याआधीच मी "लिहिलं" म्हणायचं. आयुष्यात एक अक्षर गाळलं नव्हतं मी, ती मी दिवसभर धडधडीत खोटं बोलू लागले. साहेब मात्र खूश! आल्यागेल्याला दाखवायचे, "बघा, कशी पळते!" अस्सा राग यायचा!

एका दुपारी कोणीतरी कोपऱ्यातली चहाची किटली लावली आणि फ्यूज उडाला. मी होकार दिलेली शेवटची दहा-बारा नावं तबकडीवर पोहोचलीच नव्हती. त्यांत दुर्मीळ गटाचा, गरज पडली तर बोलवा म्हणून नुसतं नाव देऊन गेलेला एक रक्तदाता होता. कागदी फॉर्म साहेबांनी कधीच बंद करून टाकले होते.

तासाभरात वॉर्डातून निरोप आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि गट नेमका तोच होता. ताईंनी मला तीनदा विचारलं. मी काय सांगणार, कपाळ?

"त्याच्या बोटांना पितळेचा भुगा होता," ताई एकदम म्हणाल्या. "किल्ल्या करतो म्हणाला होता." आणि चप्पल न घालताच धावल्या. बाजारातल्या तिसऱ्या दुकानात तो सापडला. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवालात लिहिलं, "डिस्क सदोष." मला उपटून त्यांच्याच टेबलावर ठेवलं. आता मी कागद उडू नयेत म्हणून त्यांवर बसते. माझ्याखालीच ताईंचा बॅटरीसाठीचा अर्ज आहे, सही न झालेला.

समोर नवी डिस्क बसवली आहे. पोरगी गुणी आहे. काल तिलाही तेच सेटिंग लावलं. सकाळपासून ऐकते आहे, ती भराभर म्हणते आहे, "लिहिलं, लिहिलं, लिहिलं."

मित्रांनो, बाहेर रांग लागली आहे. निदान तुमचं नाव उतरेपर्यंत तरी थांबा.