वारेचं अस्तर घालणारा विषाणू

मी एक जुना विषाणू आहे, मित्रांनो. दचकू नका. नाकाला रुमालही लावू नका, कारण मी बाहेर नाहीच. तुमच्या पेशीपेशीत माझा मुक्काम आहे, तोही माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून.

पेशीत शिरायचं आणि आपला मजकूर तिच्या जनुकांत लिहून टाकायचा, ही आमच्या घराण्याची रीत. तुमच्या पूर्वजांत मी रोग म्हणूनच शिरलो. पण एका बीजपेशीत अडकलो आणि वारशानं लेकरांकडे जाऊ लागलो. पेशीला चिकटायचं माझं जे प्रथिन होतं, त्यालाच तुमच्या शरीरानं कामाला जुंपलं. पोटातल्या बाळाला आईशी जोडणारी वार असते ना, तिचं अस्तर मी घालतो. पेशी एकमेकींत अशा मिसळतो की शिवण दिसायची नाही. आईकडचं अन्न त्यातूनच बाळाला मिळतं. मी नसतो तर तुम्ही नसता, हे मी छाती नसली तरी छातीठोकपणे सांगतो.

आमच्यात नाना तऱ्हा आहेत. एकाला शास्त्रज्ञांनी निरुपद्रवी करून घेतलंय. तो आजारी मुलांच्या पेशींत चांगलं जनुक पोचवतो. आणि एक एचआयव्ही, माझा दूरचा भाऊबंद. कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या रक्तात तो होता आणि तिच्या बाळाच्या वारेत मी. बाई रोज गोळी घ्यायची, म्हणून तो गप्प पडून असायचा. घरात हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. सासूला सांगायचा धीर दोघांनाही झाला नव्हता.

सासू मायाळू होती. सुनेला शिलाई मशीनपाशी गोळी गिळताना बघून ती म्हणाली, "अगं, पोटुशी बाईनं असलं काहीबाही घेऊ नये. बाळाला बाधतं." तिनं बाटली उचलून कपाटात टाकली. सुनेनं अडवलं असतं तर कशाची गोळी ते सांगावं लागलं असतं. तिनं गोळ्या सोडल्या.

भाऊबंद माजला. माझं अस्तर भक्कम आहे, पण बाळंतपणात रक्ताला रक्त लागतं, तिथं माझं काही चालत नाही. त्या बाळासाठी मला भीती वाटली.

पुढच्या रक्ततपासणीत भाऊबंद वाढलेला दिसला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "गोळ्या बंद केल्यास ना?"

बाईला रडू फुटलं. "सासूबाईंना कसं सांगू?"

"बाळासाठी सांग. हवं तर मी शेजारी बसते."

सासू बाहेर बाकावर होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सासूनं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "आधी सांगायचंस की गं. मी कशाला बाटली उचलली असती? चल घरी." त्या दिवसापासून गोळीच्या वेळी पाण्याचा पेला घेऊन तीच उभी राहू लागली. भाऊबंद पुन्हा मुकाट बसला.

मुलगी झाली. वार बादलीत गेली, कुणी मान वळवून बघितलं नाही. मला राग नाही. त्या पोरीच्या पेशींत मी आहेच. तिच्या पुन्हापुन्हा तपासण्या झाल्या आणि शेवटी नर्सबाई म्हणाल्या, "पोरीला काही नाही." सासूनं नातीला मांडीवर घेतलं आणि सुनेचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, आजारी माणसाला आपल्याच घरात लपून औषध घ्यावं लागू नये, एवढं जपा. अस्तर मी घालीनच. गोळी मात्र मला कुणाच्या हातावर ठेवता येत नाही.