झाकोतचे तीन गुलाब

जुन्या चौकटीवर सोन्याचा नवा वर्ख चढवायचा, तर आधी गरम पाण्याने जुना खडूचा लेप धुऊन थेट लाकडापर्यंत जायचं, ही पॅरिसच्या सगळ्या मुलामेवाल्यांची रीत. पेरीनही तशीच धुवायला बसली होती. तिला दम निघत नव्हता, कारण चौकटीच्या पाठीवर लाकूड कोरणाऱ्या तालवाँ उस्तादांचा शिक्का होता. तिची आई झाकोत जन्मभर त्यांच्या चौकटींना लेप देत आली आणि तो वाळला की वाकड्या टोकाच्या आकडीने कोरत आली. विचारलं की म्हणायची, गुलाब त्यांचा, मी नुसती धूळ झाडते. तो लाकडातला गुलाब पेरीनला एकदा डोळे भरून बघायचा होता.

तिने वरचा उजवा कोपरा धुतला. खाली गुलाब नव्हताच. उकडलेल्या सलगमासारखा एक गोळा होता. पाकळी न् पाकळी लेपातच कोरलेली होती, आणि आता घमेल्यात तिचं पांढरं पाणी झालं होतं. आईच्या हातची एवढी एकच चौकट तिच्याकडे आली होती. पेरीनला आधी रडू आलं, मग राग.

ओल्या हातांनीच तिने गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्या तालवाँचं घर गाठलं. तो कांद्याचं सूप भुरकत होता. काम आईचं आणि नाव तुमचं, हे ती हयात असताना का नाही बोललात, असं तिने तोंडावर विचारलं.

"बोललो की," तो म्हणाला. "शिक्क्याशेजारी तुझंही नाव घालतो म्हटलं तिला. तर म्हणते कशी, नाव राहू द्या, पुढच्या वेळी लाकूड कमी कोरा. तुमच्या पाकळ्या माझ्या मधे येतात."

पेरीनला हसू आवरेना. अगदी आईच बोलली. आता तो गुलाब मीच कोरते, असं ती म्हणाली.

"कोर खुशाल. पण तुझा कुठला ते मी डोळे मिटून सांगेन."

उरलेल्या तीन कोपऱ्यांतले गुलाब तिने धुतले नाहीत, वरचा जुना वर्ख तेवढा पुसून काढला. उघड्या गोळ्यावर लेपाचे दहा हात दिले आणि आईच्याच आकडीने, तिन्ही गुलाब बघत बघत, आठ दिवस कोरत राहिली. चारहींवर वर्ख चढवून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने चमकेपर्यंत घोटला आणि म्हाताऱ्याला बोलावणं धाडलं.

त्याने खरंच डोळे मिटले. चारही कोपऱ्यांवरून दोनदा अंगठा फिरवला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर थांबला.

"हा तुझा. बरा आहे पोरी, पण हाताला घाई झालीय."

पेरीनने वरच्या उजव्या, आपल्या गुलाबाकडे एकदा बघितलं आणि त्याला दारापर्यंत सोडलं. तो गेल्यावर ती खालच्या डाव्या गुलाबापाशी जाऊन बसली, आणि त्या दिवशी आईला कसली घाई झाली असेल, याचा विचार करत राहिली.